पन्हाळीचे हातमोजे

आमच्या घरी भांडी घासायला बाई नाही, याचं कारण कथलाचा चंबू. रसम करावं तर कथलाच्या चंबूतच, अशी आम्हां तंजावूरकरांची समजूत आहे आणि ती बरोबर आहे. या चंबूत एकच खोड. रिकामा विस्तवावर ठेवला तर तो वितळतो. पूर्वी आमच्याकडे एक बाई येत असे. तिनं एकदा घासलेला चंबू लवकर वाळावा म्हणून गॅसवर ठेवला, आणि माझ्या बायकोला, भामेला, माहेरून मिळालेला चंबू शेगडीच्या जाळीतून खाली ओघळला. त्या दिवसापासून आमच्या घरातलं भांडं भामेशिवाय कोणी घासत नसे. दुसऱ्यानं घासलेलं भांडं तिला घासलेलं वाटतच नाही. माझ्याबद्दल तर प्रश्नच नव्हता. मी एकदा ताक प्यायलेला पेला विसळून ठेवला होता. तो तिनं उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा घासला.

भामा वीणा शिकवते. राजवाड्याच्या पश्चिमेला आमची गल्ली आहे. संध्याकाळी तिथून जाणाऱ्याला आमच्या ओसरीवरून एकच धडा निरनिराळ्या चुकांसह ऐकू येतो. तर त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास भामेच्या बोटांना चिरा पडू लागल्या. आधी खोबरेल झालं, मग तूप झालं, मग शेजाऱ्यांनी सांगितलेलं सगळं झालं. चिरा वाढतच गेल्या. वीणेची तार म्हणजे शेवटी धातूची तार. ती नेमकी चिरेत बसे. पट्टी बांधून वाजवावं तर सूर ओल्या फडक्यातून आल्यासारखा येई. तई महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, तिरुवैयारूला तिच्या गुरूंचा स्मृतिदिन असतो. कावेरीकाठच्या मंडपात शिष्यमंडळी वाजवतात आणि भामेची पाळी एकदाही चुकलेली नाही. या वर्षी चुकेल असं ती बोलली नाही, पण वीणेवर गवसणी घालताना ती जरा जास्त वेळ घेऊ लागली. ते मला कळत होतं.

डॉक्टर शेषाद्री म्हणजे आमच्या भागातले त्वचेचे मोठे डॉक्टर. त्यांनी हात पाहिले आणि तमिळमध्ये सांगितलं, "पाणी आणि साबण. दोन्ही बंद. बंद होत नसेल तर ग्लोव्ज घाला."

ग्लोव्ज आणले. पिवळे, रबराचे, जाडजूड. ते कोणा साडेपाच फुटी परदेशी बाईच्या मापाचे असावेत. भामेच्या बोटांच्या पुढे रबराची रिकामी टोकं लोंबत आणि ती तव्याखाली चिमटत. तेलकट कढई हातातून सटके. बांगड्यांवरून हातमोजा चढवताना तो फाटे आणि बांगड्या काढायला भामा तयार नव्हती. पण खरी गंमत पुढे होती. वरच्या फळीवर भांडं उपडं घालायला हात वर केला की पाणी कोपराकडे ओघळे आणि हात खाली आला की तेच पाणी मोज्याच्या आत शिरे. एके दुपारी मी जेवून हात धुवायला उठत होतो. भामा मोरीवरून आली, हातातला मोजा काढला आणि माझ्या ताटात उपडा केला. त्यातून सांबाराच्या रंगाचं पाणी पडलं.

"हें पाहा," ती म्हणाली. "हात कोरडे राहावेत म्हणून घातलें होतें."

मी पॉलिटेक्निकमध्ये नोकरीभर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. आयुष्यात एकही वस्तू बनवली नाही, पण बनवायच्या वस्तूंची चित्रं इतकी तपासली की कोणतीही वस्तू पाहिली की तिच्यातली चूक मला लाल शाईत दिसते. त्या पिवळ्या हातमोज्याला मी नापास केलं. आणि इथपर्यंत ठीक होतं; पुढचं वाक्य मी उच्चारायला नको होतं.

"मी याहून चांगला बनवतों," मी म्हणालो.

भामा ताट उचलून निघून गेली. तिला यात आव्हानही दिसलं नाही आणि आशाही दिसली नाही. तेच मला लागलं.

कामाला शास्त्रोक्त सुरुवात म्हणून मी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो आणि भामा भांडी कशी घासते त्याचं निरीक्षण करू लागलो. मनगट कुठे वळतं, कोपर किती उचलतं, हे मी कागदावर रेखाटत होतो. ती पाठमोरी म्हणाली, "बसून बघतां तेवढ्या वेळांत निम्मीं भांडीं झालीं असतीं." मी हे संशोधकाला घरच्यांकडून नेहमी होणाऱ्या त्रासात जमा केलं.

निरीक्षणातून निघालेलं माझं डिझाइन आजही मला निर्दोष वाटतं. बोटं आखूड आणि किंचित वळलेली. तळव्यावर पकडीसाठी खडबडीत रेघा. मनगटाशी घंटेसारखा घेर, म्हणजे बांगड्या आत खुशाल राहतील. आणि त्या घेराच्या कडेला बाहेरून वर वळवलेली पन्हाळ. आपल्या कौलारू घराला असते तशी. हात वर केला की पाणी पन्हाळीत, खाली केला की पन्हाळीतून मोरीत. आत थेंब नाही.

हे चित्र मी प्रथम समोरच्या वेंकूबाईंना दाखवलं. वेंकूबाई आमच्या गल्लीतल्या सर्वांत वडील. त्यांना न दाखवता गल्लीत काही केलं तर त्यांनी ते आधीच पाहिलेलं असतं. त्यांनी चष्मा वर केला.

"वरुणा, हा बाहुलीचा परकर कां?"

"हातमोजा आहे, वेंकूबाई."

"मग उलटा कां काढलास?"

तोवर शेजारचे राममूर्ती आले. ट्रेझरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळचे सगळे नियम पडून आहेत आणि ते कोणावर तरी लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी चित्र उजेडात धरलं, मागून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी कोणास दाखवलेंत? नका दाखवूं. पन्हाळीवर पेटंट घ्या. कोणी उचलली तर बोंबलत बसाल." नंतर संध्याकाळभर त्यांनी हे गुपित गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं.

हातमोजा करायचा तर आधी हाताचा साचा पाहिजे. माझ्या सुदैवानं तंजावूर हे मान डोलावणाऱ्या बाहुल्यांचं गाव. बाहुल्या करणारा सुब्रमण्यम माझ्या ओळखीचा होता. तो प्लास्टरची पिशवी घेऊन घरी आला. भामेला पाटावर बसवून तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत दोन डब्यांत ओल्या प्लास्टरमध्ये बुडवले. "हलायचं नाही," त्यानं सांगितलं. मी म्हणालो, "अजिबात हलायचं नाही." भामा हलली नाही. पण कुकरची शिटी झाली. मग दुसरी झाली. भामेनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्यांकडे पाहत होतो.

"अहो, कुकर."

कुकर बंद कसा करतात हे मला तत्त्वतः माहीत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बटण फिरवलं. ते उलट फिरलं असावं, कारण शिट्या जोरात येऊ लागल्या. तेवढ्यात वीणेच्या शिकवणीच्या मुली आल्या. त्यांना त्यांच्या टीचर दोन डब्यांत हात रोवून बसलेल्या दिसल्या. एकीनं कुकर बंद केला, बाकीच्या हसू दाबत ओसरीवर बसून धडा वाजवू लागल्या. भामेला तिथली चूक ऐकू आली. तिनं ओरडून दुरुस्ती सांगितली आणि सांगताना, सवयीनं, प्लास्टरच्या आत बोटं चालवली.

त्यामुळे साचे निघाले ते वीणा छेडणाऱ्या हातांचे. सुब्रमण्यम हळहळला. मी मात्र बोटं मोजली, वळण पाहिलं आणि हे माझ्या चित्राशी तंतोतंत जुळतं असं जाहीर केलं. दोन दिवसांनी त्यानं पक्के हात आणून दिले. गुळगुळीत, वॉर्निश लावलेले. नखं लाल रंगवलेली आणि बोटावर खड्याची अंगठी चितारलेली. "मोकळा हात बरा दिसेना, सार," तो म्हणाला.

आता रबर. झाडाचा चीक कन्याकुमारीकडून मिळतो. तो प्रक्रिया करून कॅनमध्ये भरून पाठवतात आणि गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. हे मला माहीत होतं. अमोनियाला वास असतो हेही मी शाळेत शिकलो होतो. पण शिकणं वेगळं आणि पार्सल ऑफिसातून फोन येणं वेगळं.

"सार, तुमचं प्रेत आलंय का काय?" पलीकडचा माणूस नाक धरून बोलत होता. "लगेच येऊन घेऊन जा."

कॅनचं झाकण वाटेत सैल झालं होतं. मी कॅन ऑटोत घालून आणला. ऑटोवाला गाडी चालवताना ढसाढसा रडत होता. चौकातल्या पोलिसानं आम्हांला थांबवलं, आत डोकावला आणि हातानंच पुढे जायची खूण केली. गल्लीत पोचेपर्यंत माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दोन प्रौढ माणसं रडत एक कॅन घरात नेत आहेत, हे पाहून वेंकूबाईंनी दारातूनच विचारलं, "कोण गेलं रे?"

थोड्याच वेळात वास गल्लीभर झाला. राममूर्तींनी गॅस गळतोय असं ठरवून अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला. गल्ली अरुंद असल्यानं तो तोंडाशीच अडकला आणि पुढेही जाईना, मागेही येईना. जवान पायी आले. त्यांच्या प्रमुखानं कॅन पाहिला, ओसरीवर ठेवलेले लाल नखांचे दोन हात पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय चाललंय इथं?"

"ग्लोव्ज तयार करतोय."

"कारखाना? राहत्या घरात? कागद दाखवा."

राममूर्ती माझ्या कानाशी म्हणाले, "मीं म्हटलें होतें." त्यांनी पेटंटचं म्हटलं होतं, पण ती वेळ वाद घालण्याची नव्हती. कॅन मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली उघड्यावर ठेवायचा आणि कागद करून घ्यायचे, या अटीवर ते गेले. बंब मागे काढायला मात्र संध्याकाळ झाली आणि तेवढ्या वेळात आमची गल्ली पाहायला सगळं तंजावूर येऊन गेलं.

कागदांसाठी मी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी संगणकावर रबर हा विभाग उघडला. त्यात टायर होते, ट्यूब होत्या, चपला होत्या, फुगे होते. हातमोजे वैद्यकीय विभागात सापडले. पण त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी खोली हवी होती.

"हे भांड्यांसाठी आहेत," मी म्हणालो.

"मग भांडी विभागात बघू." भांडी विभागात रबर नव्हतं. त्यांनी माझ्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "सार, यात हवा भरली तर फुगतो का?"

"फुगेल, पण..."

"मग फुगे घालते. नंतर बदलता येतं."

अशा रीतीनं सरकारदरबारी मी फुग्यांचा उत्पादक झालो. अजून आहे, ते बदलता येत नाही. शिवाय शेजाऱ्यांची हरकत नाही असं लिहून आणायचं होतं. वेंकूबाईंनी एक जोड मिळाला तर हरकत नाही असं सांगून अंगठा पुढे केला. त्यांना सही उत्तम येते, पण सरकारी कागदावर अंगठाच शोभतो असं त्यांचं मत आहे. राममूर्तींनी ना-हरकतीचा मसुदा स्वतः तयार केला. तो वाचल्यावर त्यांची प्रत्येक गोष्टीला हरकत आहे असं दिसत होतं. पलीकडच्या कॉलनीतला एक गृहस्थ मात्र मी फुगेवाला झाल्याचं ऐकून आनंदानं घरी आला. त्याच्या नातीचा वाढदिवस होता आणि त्याला शंभर फुगे हवे होते. नाही म्हटल्यावर तो, मोठ्या माणसांना लहान गिऱ्हाईक नको असतं, असं काहीतरी पुटपुटत गेला.

हातमोजा करण्याची कृती पुस्तकात सोपी दिली होती. साचा एका खारट द्रावणात बुडवायचा, मग चिकात बुडवायचा, सावकाश वर काढायचा, वाळवायचा, गरम पाण्यात धुवायचा, भाजायचा, पावडर लावून मोजा सोलायचा. पहिला मोजा साच्यावरून सुटेना. मी ओढला, राममूर्तींनी ओढला, आणि साच्याची करंगळी आतल्या आत तुटून मोज्याबरोबर आली. सुब्रमण्यमनं ती चिकटवून दिली व त्या जोडावर एक नवीन अंगठी रंगवली. गरम पाण्यात धुण्यासाठी मोठं भांडं हवं होतं, म्हणून मी इडलीपात्र घेतलं. पुढच्या इडल्या सायकलच्या दुकानाच्या चवीच्या झाल्या. भामेनं इडलीपात्र बाहेर अंगणात ठेवलं आणि नवं आणवलं. ती मला एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला ऐकू जास्त येतं.

मोजे वाळायला गच्चीवर दोरीला टांगत असे. खालून पाहणाऱ्याला बोटं वळवलेले पिवळसर हात ओळीनं वाऱ्यावर हलताना दिसत. पलीकडच्या घरातल्या सुनेनं सासूला ओरडून बोलावलं. सासू आली, पाहिलं, हात जोडले आणि आत जाऊन कापूर लावला. मग वेंकूबाईंनीच घरोघर निरोप पाठवला की ते वरुणरावांचे हात आहेत, भिऊं नये.

शेवटी पाच-सहा जोड चांगले उतरले. आतून हात सहज सरकावा म्हणून पावडर हवी होती. ती संपली होती. मी डब्यातलं तांदळाचं पीठ घातलं. पांढरं ते पांढरं. भामेनं सकाळी मोजा हातात चढवला, क्षणभर थांबली आणि मग मी तिला लग्नानंतर प्रथमच नाचताना पाहिलं. आत मुंग्या होत्या.

"पीठ घातलें कां यांत?" तिनं विचारलं.

"थोडं."

"मग गूळही घालायचा होता."

मोजे झटकले, धुतले, खरी पावडर आणली. आणि मग तो दिवस आला. भामेनं बांगड्यांसकट हात मोज्यांत घातले. मी स्टुलावर बसलो होतो. वेंकूबाई दारात, राममूर्ती खिडकीत. तिनं तेलकट कढई उचलली. सटकली नाही. घासली, धुतली, हात वर करून फळीवर उपडी घातली. पाणी ओघळलं, पन्हाळीत आलं, तिथं थांबलं आणि हात खाली येताच मोरीत पडलं. तिनं मोजा काढला. हात कोरडा होता. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

भामेच्या तोंडून हे वाक्य तिच्या शिष्यांनाही वर्षानुवर्षं ऐकायला मिळत नाही. मी स्टुलावरून उठलो तो वेगळा माणूस होऊन. पुढचे काही दिवस मी भेटेल त्याला पन्हाळ समजावून दिली. बसमध्ये एका अनोळखी गृहस्थाला तर पाण्याच्या बाटलीसह प्रयोग करून दाखवला. तो पुढच्याच थांब्यावर उतरला. राममूर्ती म्हणाले, पुढच्या वर्षी निर्यात. मी म्हणालो, आधी कुंभकोणम तरी होऊं द्या. नम्रता मला तेव्हा परवडत होती.

मग भामेचे हात बिघडू लागले.

आधी तिनं सांगितलं नाही. शिकवणीच्या वेळी ती वाजवून दाखवायच्या ऐवजी गाऊन दाखवू लागली. मला वाटलं घसा बरा आहे. एका सकाळी कॉफी देताना तिची बोटं पेल्याभोवती नीट मिटेनात. मी हात धरून पाहिला. लाल, सुजलेला, पुरळ आलेला. आणि ती लाली मनगटाच्या वर, बरोबर माझी पन्हाळ बसते तिथं, फुटपट्टीनं रेघ ओढावी तशी थांबली होती.

"कधीपासून?"

"तुम्ही एवढी मेहनत केलीत," ती म्हणाली, "म्हणून घालत राहिलें."

मी कमरेची वेष्टी सोडून धुतलेली नेसलो आणि ऑटो बोलावली.

डॉक्टर शेषाद्रींनी हात पाहिले. बराच वेळ ती रेघ पाहिली. मग काय सोसत नाही ते पाहायला भामेच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवून पुन्हा बोलावलं. पुन्हा गेलो तेव्हा एका पट्टीखाली लाल गांधी उठली होती.

"रबर," ते म्हणाले. "हिला रबर चालत नाही. साबणानं सुरुवात केली असेल, पण वाढवलं रबरानं. रबराचे ग्लोव्ज कोणी घालायला सांगितले?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी वर पंख्याकडे पाहिलं.

"मी ग्लोव्ज म्हटलं होतं," ते म्हणाले. "रबर म्हटलं नव्हतं." मग त्यांचं लक्ष मी सोबत आणलेल्या जोडाकडे गेलं. त्यांनी तो उचलला, घेर पाहिला, पन्हाळीवरून बोट फिरवलं. "कल्पना छान आहे पण. कुठं मिळाले?"

मी तो त्यांच्या हातून घेऊन पिशवीत घातला.

औषध दिलं आणि वर बजावलं, हात पूर्ण बरे होईपर्यंत रबर नाही आणि ओलं कामही नाही. प्लास्टिकचे, कापडी, कसलेच मोजे घालून पाहू नका. हातच नाही लावायचा.

घरी आल्यावर भामा सरळ मोरीकडे गेली. सकाळची भांडी पडली होती. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. सुजलेले हात तिनं पोटाशी धरले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं आणि मला तई महिना, मंडप, गवसणी, सगळं एकदम आठवलं.

"बाई पाहूं कां एखादी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. एक जोड उचलला. घालायला लागलो, तर चार बोटं निम्म्यापर्यंत गेली आणि अंगठा बाहेरच राहिला. जगातले सर्वांत चांगले हातमोजे. पण मापं भामेची. मी ते बाजूला ठेवले आणि उघड्या हातांनी काथ्या उचलला.

पहिलं पातेलं तिनं उजेडात धरून पाहिलं आणि परत दिलं. दुसऱ्यांदाही परत दिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "कानाच्या खालीं." पातेल्याला कान असतो आणि कानाखाली काळं साचतं, हे मला त्या दिवशी कळलं. पोळीच्या तव्याची मागची बाजू, कुकरच्या झाकणातली रबरी कडी, किसणीची आतली बाजू. ती स्टुलावर बसून, हात मांडीवर ठेवून सांगत होती आणि मी करत होतो. पहिल्या दिवशी संपेपर्यंत कॉफीची वेळ झाली. कमरेचं काय झालं ते सांगत नाही. नवा घेतलेला चंबू मात्र तिनं मला दिला नाही. तिनं रसमच बंद केलं. महिनाभर आम्ही सांबारावर काढला.

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. राममूर्तींनी खिडकीतून पाहिलं आणि मला एकट्याला गाठून सांगितलं की त्यांच्याकडे निवृत्तांसाठी काही अर्धवेळ नोकऱ्यांची माहिती आहे. बनवलेले जोड वेंकूबाईंनी नेले. त्यांना ते केळफूल सोलायला आणि सुरण चिरायला फार आवडले. हात काळे होत नाहीत, खाजत नाहीत. गल्लीतल्या बायका आता सुरण आणला की "जरा फुगेवाल्यांचे हात द्या" म्हणून त्यांच्याकडून मागून नेतात. पाण्यात त्यांतला एकही जात नाही. पन्हाळीचा उपयोग काय, असं एकीनं मला विचारलं. मी म्हटलं, शोभा.

भामेचे हात सावकाश बरे झाले. आधी सूज गेली, मग लाली, मग चिरा मिटल्या. एका संध्याकाळी मी पातेलं घासत असताना ओसरीवरून वीणा ऐकू आली आणि त्यात चूक नव्हती. मी नळ बंद केला आणि तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "भांडीं झालीं कां?" मी नळ सुरू केला.

तई महिन्यात आम्ही तिरुवैयारूला गेलो. मंडपात गर्दी होती, मागे कावेरी, पलीकडच्या काठावर केळीच्या बागा. भामेची पाळी आली. ती नेहमीपेक्षा थोडं कमी वाजवेल असं तिनं व्यवस्था पाहणाऱ्या कल्याणरामला आधी कळवलं होतं. बसल्यावर विसरली. मी पहिल्या रांगेत होतो. लोक डोळे मिटून ऐकत होते. मी उघडे ठेवून तिची बोटं पाहत होतो. शेवटी तिनं वीणेवरून हात उचलला, क्षणभर स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं, आणि मग लोकांना नमस्कार केला.

नंतर मंडपामागे जेवणाची पंगत उठत होती. भामेबरोबर शिकलेल्या जुन्या मैत्रिणी तिच्याभोवती जमल्या. एकीनं तिचा हात हातात घेतला.

"अग, किती मऊ झालेत! काय लावतेस हातांस?"

"हातांस कांहीं लावत नाहीं," भामा म्हणाली. "ह्यांस कामाला लावलेंय."

सगळ्या माझ्याकडे वळून हसल्या. कल्याणराम तर इतका हसला की त्याला ठसका लागला. काही वर्षांपूर्वी, फार कशाला, दिवाळीपूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर मी पुढच्याच बसनं घरी गेलो असतो. तेव्हाही मी तिथून जरा बाजूला सरकलो, मंडपाच्या मागच्या अंगाला, नदीच्या बाजूला.

तिथं पंगतीची भांडी घासायला काढली होती. एक गडी सांबाराचं थोरलं पातेलं पुढे ओढून, पाण्यात न भिजवता, कोरडंच खरवडत होता. शेजारचा दुसरा तर भाताच्या तपेल्याच्या कानांना हातच लावत नव्हता. वरून वरून फिरवून उपडं घालत होता. मी दोन-तीनदा दुसरीकडे पाहिलं. कावेरी पाहिली. केळीच्या बागा पाहिल्या.

मला राहवेना. मी वेष्टी वर खोचली.